दोघांनी मिळून गेम तयार करण्याची गोष्ट: लघुपटात गेम दिसतो, प्रेम दिसत नाही

प्रश्न

नमस्कार. मी आणि माझी एक सहकारी गेली दीड वर्षे सात मिनिटांच्या द्विमितीय ॲनिमेशन लघुपटावर काम करत आहोत. पाठीशी निर्माता किंवा स्टुडिओ नाही. नोकरीतून उरलेल्या वेळात चित्रे मी काढतो आणि ध्वनी व संकलन ती पाहते. चित्रे काढणारी एक तरुणी आणि प्रोग्रामिंग करणारा एक तरुण मिळून छोटा व्हिडिओ गेम तयार करतात आणि तो पूर्ण होईपर्यंत एकमेकांच्या प्रेमात पडतात, एवढीच कथा आहे.

ॲनिमॅटिक, म्हणजे कच्ची चित्रे आवाजासह क्रमाने लावलेले चित्रपटाचे प्रारूप, पूर्ण झाल्यावर आम्ही ते पाचसहा जणांना दाखवले. गेम सर्वांना आवडला, पण या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे हे शेवटच्या प्रसंगापर्यंत कोणालाच जाणवले नाही. त्या प्रसंगात तरुणीला गेममध्ये एक गुप्त खोली सापडते आणि तिच्या भिंतीवर त्याने आपल्या मनातले लिहून ठेवलेले असते. हा प्रसंग मला फार प्रिय आहे. मात्र त्याआधीची साडेपाच मिनिटे दोन माणसे दोन पडद्यांसमोर पाठमोरी बसलेली दिसतात, हेही मला मान्य आहे. सेकंदाला १२ चित्रे धरली तरी सात मिनिटांची ५,०४० चित्रे होतात, त्यामुळे एकदा अंतिम रेखाटन सुरू झाले की प्रसंग बदलणे आम्हाला झेपणार नाही.

गेम तयार करण्याच्या कामातूनच प्रेम दिसेल असे काय करता येईल? शिवाय पडद्यावरचा गेम उरलेल्या चित्रपटाच्याच शैलीत हाताने काढावा, की वेगळ्या पद्धतीने करावा?

पहिले उत्तर

तुमची अडचण ही दोघे कशी बसली आहेत यातच आहे, असे मला वाटते. कोड लिहिणे आणि चित्र काढणे ही दोन्ही कामे एकट्याने, मान खाली घालून करायची असतात, त्यामुळे ती कितीही मन लावून दाखवली तरी त्यात दुसरे माणूस येत नाही. दुसरे माणूस येते ते गेम खेळायला देताना. या चाचणीला प्लेटेस्ट म्हणतात आणि तिचा साधा नियम असा की, खेळणाऱ्याला काही सांगायचे नाही, सुचवायचे नाही, फक्त मागे उभे राहून पाहायचे. आपण महिनोन्‌महिने घडवलेली गोष्ट कोणीतरी चुकीच्या दिशेने नेत आहे आणि आपण तोंड उघडायचे नाही, इतके उघडे पडल्याची भावना मला दुसऱ्या कुठल्याच कामात आलेली नाही.

माझाच अनुभव सांगतो. मी केलेल्या एका गेममध्ये दार उघडण्याचा खटका भिंतीच्याच रंगात मिसळून गेला होता. माझी पत्नी, जी तेव्हा केवळ सहकारी होती, त्याच्यासमोरून तीनदा पुढे निघून गेली. चौथ्या वेळी ती तिथे पोहोचली आणि मागे वळूनही न पाहता म्हणाली, "तू श्वास रोखून धरला आहेस, म्हणजे इथेच काहीतरी आहे." खटका तिला सापडला. मला त्या दिवशी काय सापडले, ते मात्र कळायला आणखी काही महिने जावे लागले.

म्हणून कॅमेरा त्यांच्या पाठीमागे न ठेवता पडद्याच्या जागी ठेवून पाहा. ती खेळत आहे, तो तिच्या खांद्यामागे उभा आहे आणि दोघांच्या चेहऱ्यांवर गेमचा उजेड पडला आहे. गेममध्ये काय घडते ते केवळ उजेडाच्या बदलत्या रंगावरून आणि आवाजावरून कळेल. यात तुमचे श्रमही वाचतील, कारण चेहऱ्याचे एकच चित्र दोन-तीन सेकंद स्थिर ठेवून त्यावरचा प्रकाशाचा थर तेवढा बदलता येतो. असे तीन प्लेटेस्ट ठेवा आणि प्रत्येक वेळी तो तिच्या किती जवळ उभा आहे, यातला फरक प्रेक्षकांना टिपू द्या.

दुसरे उत्तर

मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. गेम हाताने काढू नका. त्याची एक पातळी खरोखरच तयार करा आणि तिचे चित्रण चित्रपटात वापरा. गोडो हे गेम तयार करण्याचे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर (इंजिन) या कामाला पुरेसे आहे. पिक्सेल आर्ट, म्हणजे सुटे ठिपके दिसतील अशी चित्रे, करणार असाल तर गेमचे मूळ चित्र ३२० बाय १८० ठिपक्यांचे ठेवा, कारण ते बरोबर सहापट केले की १,९२० बाय १,०८० होते आणि प्रत्येक ठिपक्याच्या कडा धारदार राहतात. पूर्णांकात न बसणारी पट घेतली किंवा मोठे करताना कडा मऊ करणारी पद्धत निवडली, तर सगळे चित्र धुरकट दिसते. गेम सहसा सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० स्थिर चित्रांनी, चालतो आणि चित्रपट २४ ने. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून गेम थेट चित्रित केला तर हालचाल अडखळते. तो मुळातच २४ च्या गतीने चालवा.

शैलीचा प्रश्न कथेशीही जोडलेला आहे. प्रोग्रामर चित्रांची वाट पाहत थांबत नाही, तो आधी करड्या चौकोनांवर सगळा गेम उभा करतो. तुमच्या चित्रपटात सुरुवातीला गेममधले झाड, पूल आणि नायिकाही नुसते चौकोनच असू द्या आणि तिच्या हातचे एकेक चित्र येऊन त्याच्या चौकोनाची जागा घेऊ द्या. चित्रे थोडी पडली तरी बिघडत नाही. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ढग आणि झुडूप यांचे चित्र एकच आहे, फक्त रंग वेगळा आहे, कारण त्या संपूर्ण गेमला ४० किलोबाइटची जागा होती.

तिसरे उत्तर

गुप्त खोलीबद्दल मी थोडा विरोधी सूर लावणार आहे. १९८० च्या सुमारास अटारी ही गेम कंपनी आपल्या गेमवर तो करणाऱ्यांची नावे देत नसे, म्हणून 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये वॉरन रॉबिनेट यांनी एका लपवलेल्या खोलीत स्वतःचे नाव लिहिले. तिथे पोहोचायला जमिनीच्याच रंगाचा एक ठिपका शोधून उचलावा लागे. ती खोली मालकापासून लपवलेली आणि खेळणाऱ्या सर्वांसाठी खुली होती. तुमच्या नायकाला एकाच व्यक्तीशी बोलायचे आहे, मग तो जगभरातले कोणीही खेळाडू वाचू शकतील अशा भिंतीवर का लिहील? शिवाय गेम खेळणारा प्रेक्षक अशा खोलीची वाटच पाहत असतो.

प्रोग्रामरचे प्रेम आकड्यांतून दाखवता येईल. उड्या मारायच्या गेममध्ये एक जुनी सवलत असते, तिला कोयोटी टाइम म्हणतात. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत उडीचे बटण दाबलेले चालते. ६० फ्रेमच्या गेममध्ये सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, तो खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आता कल्पना करा: प्लेटेस्टमध्ये ती प्रत्येक वेळी त्याच दरीत पडते, कारण ती बटण जराशी उशिराच दाबते. तो काहीच बोलत नाही, घरी जाऊन शून्याच्या जागी सहा लिहितो. दुसऱ्या दिवशी ती दरी ओलांडते आणि आपल्याला उडी जमली म्हणून आनंदाने ओरडते. पुढे कधीतरी ती कोड उघडते, तेव्हा तो आकडा तिला दिसतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. सेकंदाचा दहावा भाग म्हणजे तुमच्या चित्रपटात अडीच फ्रेमही नाहीत, तो कोणालाच दिसणार नाही. दरीच्या तोंडावर तिला निदान सहा फ्रेम, म्हणजे पाव सेकंद, हवेत राहू द्या. ही लबाडी ॲनिमेशनमध्ये चालते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. गुप्त खोली काढून टाकण्याचा निर्णय घेताना जड गेले, पण आता शंका उरलेली नाही. काल रात्री आम्ही दरीचा प्रसंग कच्च्या चित्रांवर करून पाहिला. पहिल्या खेपेला पाय सुटतो, मग बटणाचा आवाज येतो आणि ती पडते. दुसऱ्या खेपेला तोच आवाज त्याच जागी ठेवावा, असे माझ्या सहकारीने सुचवले, आणि त्यामुळेच प्रसंग जुळला. ती आजही तितकीच उशिरा बटण दाबते हे कानाला आधी कळते आणि मग ती पलीकडे पोहोचलेली दिसते.

ती कोड उघडते तेव्हा पडद्यावर कसलाही संदेश दिसणार नाही. कोडमधल्या बदलांच्या नोंदीत जुन्या, लाल ओळीवर ०, नव्या, हिरव्या ओळीवर ६ आणि शेजारी त्या बदलाची वेळ असेल, रात्रीचे दोन चाळीस. ते चित्र वाचता येईल इतके, निदान दोन सेकंद, स्थिर ठेवायचे आणि मग पडद्याच्या उजेडातल्या तिच्या चेहऱ्यावर यायचे, असे ठरवले आहे. त्या दोन सेकंदांत संगीत नको, संगणकाच्या पंख्याचा आवाज तेवढा राहू द्यावा, असे तिचे म्हणणे आहे.