घराला ‘जुना’ लुक : खरं जुनं आणावं की जुन्यासारखं दिसणारं?

चौकट : घराचं काम काढलंय. इंटिरियरवाल्याने विटांचं चित्र असलेला वॉलपेपर, मुद्दाम ओरखडे पाडल्यासारखं लॅमिनेट आणि गंजाचा रंग मारलेले दिवे सुचवलेत. मला हसूच आलं. वापरून वापरून येतो तो जुनेपणा, छापील कसला? लॅमिनेटवर तीच गाठ, तोच ओरखडा ठरावीक अंतराने पुन्हा येतो आणि एकदा तो नजरेत बसला की दुसरं काही दिसत नाही. माझं मत : जुनं हवं तर खरोखरचं आणा, नाहीतर सरळ नवं ठेवा.

भुसा : वा! मीही याच तत्त्वाला जागून एका जुन्या दाराचं टेबल करून घेतलं. आधी दारात मोडून राहिलेल्या खिळ्यांनी सुताराच्या करवतीचं पातं खाल्लं. दोन महिन्यांनी टेबलाखाली पिठासारखा भुसा पडायला लागला. भुंगा! भोकं दिसतात ती किडा बाहेर पडताना. तोवर अळीने आतून लाकूड पोखरलेलं असतं. शिवाय जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ साली हद्दपार झालं, काही देशांत त्याच्या कितीतरी नंतर. असं दार कोरडं घासलंत तर ती धूळ घरभर. लहान मुलं असतील तर विषयच संपला. माझं आत्ताचं टेबल लॅमिनेटचं आहे आणि मला झोप छान लागते.

चौकट : जुनं म्हणजे डोळे मिटून उचललेलं नव्हे हो. खिळे चुंबकाने सापडतात. लाकूड टाचणीने टोचून बघता येतं, भुसभुशीत लागलं तर तिथेच सोडायचं. रंगाची शंका असेल तर ते दार घेऊच नये.

भुसा : म्हणजे घेण्यासारखी दारं उरली किती?

ओली भिंत : लाकडावरून भांडताय, पण घर जुनं वाटतं ते भिंतींमुळे. गिलावा काढून विटा उघड्या करायची हौस मी केली, तुम्ही करू नका. प्रत्येक वीट उघडी राहण्यासाठी भाजलेली नसते. कच्ची असेल तर हात लावला की लाल भुकटी. ओल असेल तर लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटतो. त्यावर चकचकीत सीलर मारलं तर ओल आत कोंडते आणि विटेचेच पोपडे निघतात. शेवटी मी चुन्याचा गिलावा केला. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू कडक होतो, घाई चालत नाही. पण ओल बाहेर जाऊ देतो आणि रंगाची छटा जागोजागी थोडी वेगळी येते. हवा तो जुनेपणा मला तिथे मिळाला, तोही कोऱ्या नव्या सामानात.

भाडेकरू : घरमालक खिळा ठोकू देत नाही, तिथे चुना काय लावता! खरेपणाचा हट्ट स्वतःच्या भिंती असलेल्यांनी करावा. मी विटांचा वॉलपेपर लावलाय, जाताना सोलून नेणार. सोबत पॅलेटचं, म्हणजे माल ज्यावर रचून नेतात त्या लाकडी फळीचं, बाकडं आहे. पॅलेटवरचा शिक्का मात्र वाचा : ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूची धुरी दिलेलं. ‘एमबी’वालं घरात आणू नका.

भुसा : एचटी असलं तरी नंतर त्यावर काय सांडलंय ते शिक्का सांगत नाही. डाग, वास असेल तर नकोच. आणि जवसाचं तेल लावणार असाल तर चिंध्या बोळा करून फेकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

चौकट : बरं, वॉलपेपर भाडेकरूंना माफ. मी मागच्या भिंतीला चुना लावून बघतो. टेबलासाठी मात्र जुनं लाकूडच शोधणार, चुंबक खिशात घेऊन.

भुसा : टाचणी विसरू नका.