एकच माध्यम आत्ताच कशाला?

मुलीला चित्रकला आणि मातीकाम दोन्ही आवडतं, मग एकच निवडावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आत्ता मुळीच नको. कॅलिफोर्नियात आहात, तर कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज, बघाच. सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजांत राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला (अभ्यासक्रमाच्या श्रेयांकाला) ४६ डॉलर पडतात. क्युपर्टिनोच्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजात तर आवारातच युफ्रॅट कलासंग्रहालय आहे. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी सिरॅमिक्स शिकले. चाकावर माती मधोमध बसवायलाच कित्येक आठवडे गेले, पण त्यानंतर माझ्या रेखाटनातल्या भांड्यांना पोट आलं, वजन आलं! पुढे विद्यापीठात जायचं असेल, तर कॉलेजातले कोणते विषय तिथे ग्राह्य धरतात हे पहिल्याच सत्रात समुपदेशकाला विचारा. आणि भट्टीतून निघालेल्या प्रत्येक भांड्याचे चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवायला सांगा तिला.