फ्रीलान्स नॅरोगेज लेआउट: छोट्या वाफेच्या इंजिनासाठी मूळ कोणतं धरावं?

घाटपायथा

काल्पनिक लाइट रेल्वेचं मॉडेल करायचं आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, मोठ्या लाइनच्या स्टेशनातून फुटणारा नॅरोगेज फाटा. काळ १९१० ते १९१५. स्केल ओओ९, म्हणजे फुटाला ४ मिमी आणि दोन रुळांमधलं अंतर (गेज) ९ मिमी. बोर्ड १२०० × ४५० मिमी, त्यावर २२८ मिमी रेडियसचा पूर्ण फेरा, आणि मागच्या बाजूला ४५ मिमी उंचीपर्यंत ३० ला १ चा चढ. गाडी एकच: तीन चारचाकी वाघिणी आणि एक बोगी डबा.

मनात असलेली इंजिनं (आकडे म्हणजे पुढची मोकळी, मधली जोडलेली आणि मागची मोकळी चाकं):
माथेरानचं ०-६-०
दार्जिलिंगचं बी क्लास ०-४-०
बार्शी लाइटचं किटसन ०-८-४
बाल्डविन ४-६-० (हे रेडिमेड मिळतं)

चॅसी (मोटर आणि चाकांसकट खालचा सांगाडा) तयार घेणार, वरची बॉडी रेझिनमध्ये थ्री-डी प्रिंट करणार. चाकं आणि गिअर स्वतः जुळवण्याची तयारी नाही. यातलं कोणतं खरं इंजिन मूळ नमुना म्हणून धरू?

पॉइंट्समन

इंजिन राहू दे, आधी बोर्ड मोजा. २२८ चा रेडियस म्हणजे मधल्या रेषेचा व्यास ४५६ मिमी. तुमचा बोर्ड ४५०. रुळाची मधली रेषाच बोर्डाबाहेर गेली. वळणावर डब्याचं टोक बाहेर झुकतं, कडेला थोडी जमीनही दिसायला हवी, म्हणून दोन्हीकडे ३५ मिमी सोडा. म्हणजे रुंदी ५२६ लागते. ५५० चा बोर्ड करा, नाहीतर रेडियस १८० वर आणा. १८० ला ३६० अधिक ७० म्हणजे ४३०, बसतं.

आता चढ. १८० रेडियसवर तुमचा पूर्ण फेरा सुमारे २६७० मिमी भरतो (दोन सरळ बाजू ७७० च्या, बाकी वळण). ४५ मिमी चढायला १३५० मिमी रूळ हवा, उतरायला तितकाच. बेरीज २७००. म्हणजे सगळा फेराच घाट झाला, स्टेशन उतारावर! १५ मिमीचा चढ ठेवा, ४५० मिमीत होतो. मागे डोंगर उंच केला की डोळ्याला तेवढं पुरतं.

फ्लायक्रँक

पॉइंट्समनचं ऐकाच, कारण १८० रेडियस आला की निम्मी यादी आपोआप गळते. फ्रीलान्समध्ये उलट्या क्रमाने जावं लागतं: आधी वळण, मग त्यावर चालणारी चॅसी, आणि त्या चॅसीला शोभेल असं मूळ इंजिन सगळ्यात शेवटी. आवडतं इंजिन आधी धरलं की चॅसी जुळत नाही, आणि प्रिंट केलेली बॉडी कपाटात पडून राहते.

एकेक घेतो.

बार्शी: आठ जोडचाकं १८० वर फिरवायची तर मधल्या जोड्यांना इतकी बाजूची ढील द्यावी लागते की तयार चॅसी विसराच. शिवाय गेजही जुळत नाही. बार्शी लाइट ७६२ मिमीची होती. फुटाला ४ मिमी धरलं तर ९ मिमी रूळ म्हणजे २ फूट ३ इंच, सुमारे ६८६ मिमी. तेच १:८७ मध्ये ७६२ चे ८.७६ मिमी होतात, फरक डोळ्याला कळत नाही. बार्शीच हवी असेल तर आत्ताच एचओई (१:८७, रूळ तेच ९ मिमी) स्केलला जा, नंतर सगळे डबे बदलावे लागतील.

दार्जिलिंग बी: १८८९ पासून बनत आलेलं, काळात बसतं, वळणातही बसतं. अडचण वेगळीच आहे, ते कुणीही ओळखतं. तुमच्या काल्पनिक फाट्यावर ते उभं राहिलं की बघणारा पहिला प्रश्न ‘दार्जिलिंगचं इथं कसं?’ हाच विचारणार. आणि चारच चाकांतून वीज घेणं हे ९ मिमीवर कायमचं दुखणं. पॉइंटचा (रूळ फुटतो तो सांधा) फ्रॉग, म्हणजे रूळ छेदतात तो तुकडा, प्लॅस्टिकचा असेल तर तिथे ते हमखास थांबेल.

माथेरान: काळ अगदी चपखल. लाइन १९०७ ची, ओरेन्स्टाइन अँड कोप्पेलने बांधलेली चार इंजिनं, आराखडा कॅलथ्रॉपचा, म्हणजे बार्शी लाइटवालाच. त्यात क्लीन-लिंडनर धुऱ्या आहेत. टोकाच्या दोन्ही जोड्यांची बाहेरची धुरी पोकळ, आत गाभ्याची धुरी, दोघांमध्ये गोलाकार सांधा. त्यामुळे बाहेरची धुरी चाकांसकट वळणात तिरकी होते, पण आतली सरळच राहते आणि चाकं जोडणाऱ्या कपलिंग रॉडना काही कळत नाही. मॉडेलमध्ये याची नक्कल करायची गरज नाही. चाकांच्या टोकाच्या जोड्यांत ३२ मिमी अंतर आणि १८० रेडियस असेल तर मधल्या जोडीला फक्त ०.७ मिमी सरकावं लागतं (अंतराचा वर्ग भागिले रेडियसची आठपट). त्यातलं काही रुळाच्या ढिलाईतच मिळतं.

खरी गोची फ्रेमची. माथेरानच्या इंजिनांची फ्रेम चाकांच्या बाहेर आहे आणि रॉड फ्रेमच्याही बाहेरच्या क्रँकवर (धुरीच्या टोकाची भुजा). एन गेजच्या (९ मिमी रुळावरचं आणखी छोटं स्केल) तयार चॅसीत रॉड थेट चाकावर असतात. बाहेरची फ्रेम दाखवायची तर धुऱ्या लांबवून क्रँक बसवा, आणि डाव्या-उजव्या बाजूचे क्रँक बरोबर ९० अंशांवर ठेवा. एक जरी घसरला तरी चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा इंजिन अडकणार. नुसता फ्रेमचा पडदा लावून रॉड आत ठेवले तर ते चालेल, पण मेल्यासारखं दिसेल.

माझं मत: माथेरानची हुबेहूब प्रत नको, त्याच कारखान्याचं चुलत भावंड करा. कोप्पेलवाले मळेवाल्यांना आणि कंत्राटदारांना साठ्यातली छोटी टँक इंजिनं विकायचे, त्यात फ्रेम आत असलेलीही होती. तुमच्या काल्पनिक कंपनीने तसंच एक घेतलं, एवढं पुरतं. ०-६-० घ्या, बाजूच्या टाक्यांचं. टाक्या नुसत्या शोभेच्या नाहीत, मोटर लपवायला तीच जागा. २ फूट ६ इंचांचा बॉयलर म्हणजे १० मिमी. भिंत ०.८ धरली तर आत ८.४ उरतात, ८ मिमीची मोटर त्यात कशीबशी जाते. ती ढकलून बसवायची वेळ आली की बॉडी तडकते.

कोळसा_पाणी

बाल्डविनला इतक्या लवकर काढू नका. गिअर जुळवायचा नाही म्हणणाऱ्याला ४-६-० रेडिमेड मिळतं, फ्रेम आत, चाकं उघडी, रॉड दिसतात. मूळ इंजिनाची जोडचाकं २३½ इंचांची, सिलिंडर ९ × १२ इंच, म्हणजे आकार ‘छोटं’ या शब्दात बसतो.

पण दोन अटी. एक, काळ. ही इंजिनं १९१६-१७ मध्ये ब्रिटिश सैन्यासाठी बनली आणि युद्ध संपल्यावर उरलेली भारतात आली. उत्तर प्रदेशातल्या खतौलीच्या साखर कारखान्यात असं एक होतं. तुमचं १९१० ते १९१५ सोडून १९२० नंतरचा काळ धरावा लागेल. सोपं आहे, स्टेशनवर फार काही बदलत नाही. दोन, रेडियस. पुढच्या बोगीची चाकं तीव्र वळणात सिलिंडरच्या मागच्या बाजूला घासतात आणि तिथेच शॉर्ट होतं. १८० वर ते चालेलच असं धरू नका. २२८ आणि ५५० चा बोर्ड घेणार असाल तरच बाल्डविन.

घाटपायथा

बोर्ड ४५० च राहणार, भिंतीतलं कपाट आहे. म्हणजे १८०, चढ १५ मिमी, आणि कोप्पेलचं चुलत भावंड. ग्रॅहम फॅरिश या मॉडेल कंपनीच्या पॅनियर टँकची (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना टाक्या असलेलं ०-६-०) जुनी चॅसी मिळते आहे. चालेल का? आणि वजन किती भरावं?

फ्लायक्रँक

चालेल, पण मोजून घ्या. ते एन गेजमधलं १:१४८ आहे. चाकं ९.५ मिमी म्हणजे तुमच्या स्केलला २८½ इंच, आणि टोकाच्या जोड्यांत ३२ मिमी म्हणजे ८ फूट. छोट्या टँक इंजिनाच्या मानाने अंगाने थोराड. मूळ पॅनियर टँकमध्ये चाकांमधली अंतरं असमान आहेत (७ फूट ३ इंच आणि ८ फूट ३ इंच). मधलं चाक मध्यावर आहे असं समजून फूटप्लेट (चाकांवरची आडवी पट्टी) आखू नका, फसाल. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ७.४ मिमी आहे ना ते बघा. जुन्या चॅसीत ते कमी भरलं तर पॉइंटवर चाक उडतं.

प्रिंट करायच्या आधी जाड कागदाची बॉडी कापून चॅसीवर ठेवा आणि १८० च्या वळणावर हाताने ढकला. कॅबचं टोक कुठे लागतं ते तिथेच कळेल.

कोळसा_पाणी

वजनाचा अंदाज: वाघिणी १० ते १२ ग्रॅमच्या, डबा २५ ते ३० ग्रॅमचा, म्हणजे गाडी ६० च्या आसपास. इंजिनाची ओढ स्वतःच्या वजनाच्या पाचवा हिस्सा धरा. ३५ ग्रॅमचं इंजिन ७ ग्रॅम ओढतं आणि त्या चढावर वळणासकट साधारण तेवढंच लागतं, म्हणजे चाकं घसरणार. ५० पर्यंत न्या.

भरताना दोन चुका टाळा. शिशाच्या गोळ्या पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवू नका. शिशाचं कार्बोनेट तयार होऊन ते फुगतं, आणि वर्षभराने टाकी उकलते. इपॉक्सी वापरा. दुसरं, कॅबमध्ये जागा मोकळी दिसते म्हणून सगळं तिथेच भरू नका, पुढची चाकं उचलली जातात. वजन धुरांड्याखाली आणि टाक्यांच्या पुढच्या अर्ध्यात घाला. इंजिन पेन्सिलीवर आडवं ठेवलं की मधल्या धुरीपाशी तोललं पाहिजे.

पॉइंट्समन

रेझिनचा बॉयलर पोकळ ठेवणार असाल तर खालून दोन भोकं द्या आणि आतून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नीट धुवा. न वाळलेलं रेझिन आत राहिलं तर रंग दिल्यानंतर शिवणीतून पाझरतं. मोटरभोवती ०.३ मिमी मोकळं सोडा. आणि पॉइंट धातूच्या फ्रॉगचे घ्या, सहा चाकं असली तरी.