पुतणीच्या निबंधातला ‘लूम’ खोडला, ते बरोबर झालं का?

पूर्वभागातला
माझ्या वडिलांनी सोलापुरात अशोक चौकाजवळच्या कारखान्यात आयुष्यभर चादरीच्या लूमवर काम केलं. पुतणीने ‘माझे आजोबा’ या निबंधात तसंच लिहिलं. शाळेतल्या बाईंनी ‘लूम’वर लाल काट मारून वर ‘यंत्रमाग’ लिहिलं. वडिलांनी वही हातात घेतली, वाचली आणि काही न बोलता परत दिली. मला ते फार लागलं.

इंग्रजीत ‘लूम’चा मूळ अर्थ विणायचं यंत्र असा नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो कुठल्याही अवजाराला म्हणायचे. पुढे तो मागापुरता उरला, पण जुना अर्थ ‘एअरलूम’मध्ये अजून टिकून आहे. एअरलूम म्हणजे वारसाकडे येणारी वस्तू. आमच्याकडे वडिलांची धागा कापायची कात्री आहे, एक पातं झिजून अर्धं झालेलं. अवजार आणि वारसा, दोन्ही ज्या शब्दात आहेत तो आमच्या घरात परका कसा?

शब्दवेडी
तुमचं दुःख समजतं, पण बाईंचं बरोबर आहे. आपण एकेक शब्द सोडत चाललोय. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा. माझ्या वर्गातल्या मुलांना त्याचं ‘शटल’ हे नाव माहीत आहे, ‘धोटा’ नाही. आणि इंग्रजांनी काय केलं बघा. त्यांचा ‘शटल’ मुळात फेकायच्या भाल्याचा, बाणाचा शब्द. तो मागावरच्या धोट्याला लागला, मग ये-जा करणाऱ्या गाडीला, आणि 1981 मध्ये उडालेल्या अंतराळयानाच्या नावातसुद्धा तोच. विणकराचा शब्द त्यांनी आकाशात नेला. आपण आपला धोटा मागावरसुद्धा ठेवला नाही.

अक्कलकोट_रोड
आमच्या घरी तेलुगू. आजी मागाला ‘मग्गम’ म्हणायची. शेजारचे कानडी लोक ‘मग्ग’ म्हणतात. आता सांगा, ‘माग’ एकट्या मराठीचा कसा? शुद्ध शब्दाचा आग्रह सोलापुरात धरूच नये.

शब्दवेडी
मी शुद्ध म्हटलंच नाही. उलट तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. जो शब्द या गावातल्या तिन्ही भाषांत थोड्याफार फरकाने आहे, तो सोडून सातासमुद्रापलीकडचा का घ्यायचा?

नवीपेठकर
‘लूम’ म्हणजे संकट अंधुक दिसत अंगावर येणं ना? असल्या शब्दाचं एवढं काय?

पूर्वभागातला
तो वेगळा शब्द, उच्चार तेवढा सारखा. आपणही चोराचा माग काढतो आणि मागावर विणतो, तसंच.

शब्दवेडी ताई, धोट्याचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ‘माग’चं नाही. वडील लहानपणी घरच्या खड्ड्यातल्या हातमागावर बसायचे. पाय पावडीवर, हातात धोटा. त्याला ते आजही ‘माग’च म्हणतात. कारखान्यात विजेवर चालणारा, वर नक्षी विणायचं जकार्ड बसवलेला, कानठळ्या बसवणारा तो लूम. एडमंड कार्टराइटने पॉवरलूमचं पेटंट 1785 मध्ये घेतलं. यंत्र त्या वाटेने आलं, त्याचं नावही त्याच वाटेने आलं. दोन वेगळ्या कामांना कामगारांनी दोन नावं ठेवली, ही भाषेची समज आहे. ‘यंत्रमाग’ मी सरकारी कागदावर वाचतो. पाळी बदलताना कोणी ‘यंत्रमागावर चाललो’ म्हणालेलं ऐकलं नाही.

शब्दवेडी
कामगार बोलतो तेवढंच प्रमाण मानलं तर शाळेने शिकवायचं काय? मुलीला दोन्ही शब्द यायला हवेत.

पूर्वभागातला
हो, मग दुसरा शेजारी लिहा. पहिला खोडायचा कशाला? मुलीला वाटलं आजोबा चुकीचं बोलतात.

शब्दवेडी
हे मात्र खरं. लाल काट मीही मारली नसती. ‘यंत्रमाग’चा आग्रह तरी सोडणार नाही. बरं, निबंधात पुढे शटल लिहिलंय का धोटा?

पूर्वभागातला
धोटा. आजोबांनी धोट्यातली धाग्याची कांडी भरून दाखवताना सांगितला होता. त्याला बाईंनी हात लावलेला नाही.