मदत हवी आहे : ध्यानप्रकारांचे वर्गीकरण कोणत्या निकषावर करावे?

नमस्कार. ध्यानाच्या विविध पद्धतींवर एक टिपण तयार करत आहे. त्यातील वर्गीकरणाबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

२००८ साली लुट्झ, डेव्हिडसन व सहकारी या ध्यानसंशोधकांनी एकाग्र अवधान आणि खुले निरीक्षण अशी विभागणी मांडली. २०१५ मध्ये डाल, लुट्झ व डेव्हिडसन यांनी अवधानाची साधना, सद्भावनांची जोपासना आणि ‘मी’विषयीच्या धारणांची चिकित्सा असे तीन गट सुचवले. ही नंतरची मांडणी मला अधिक पटते, कारण मैत्रीभावनेला (सर्वांविषयी सद्भाव जोपासण्याच्या ध्यानाला) तिच्यात हक्काची जागा मिळते.

तरीही श्वासापाशी गाडी अडते. नाकपुडीला होणाऱ्या श्वासाच्या स्पर्शावर लक्ष खिळवले, तर ते एकाग्र अवधान ठरते. पण त्याच बैठकीत श्वास आपसूक मागे पडून विचार, आवाज, संवेदना जशा येतील तशा नुसत्या पाहिल्या जाऊ लागल्या, की ते खुले निरीक्षण होते. मग नोंद पद्धतीची करावी की बैठकीतील टप्प्यांची? पतंजलींनी धारणा, ध्यान व समाधी एकाच प्रक्रियेच्या चढत्या पायऱ्या मानल्या आहेत, त्यामुळे माझा कल टप्प्यांकडे आहे.

नामजपाचा पेच आणखी वेगळा आहे, कारण तोच जप कोणी भक्तिभावाने करतो, तर कोणी केवळ मन स्थिर करण्यासाठी.

अशा वेळी आलंबन (ज्यावर लक्ष ठेवायचे तो विषय), हेतू आणि अवधानाची रीत यांपैकी प्राथमिक निकष कोणता मानावा? शमथ (मन एका विषयावर शांत, स्थिर करणे) आणि विपश्यना (जे अनुभवास येईल ते जसे आहे तसे पाहणे) या दोन्हींचा सराव असलेल्यांनी, प्रत्यक्ष बसताना या दोन्हींमधली सीमारेषा कितपत जाणवते, हेही अवश्य लिहावे.