शेळ्यांच्या गोठ्याच्या लाकडाला काय लावावं? जळकं ऑइल नको आहे

शेळीवाली, यावल
मळ्यात शेळ्यांचा नवा गोठा उभा करतोय. खांब बांधावरच्या निंबाचे, गव्हाण आणि फाटक जुन्या सागाच्या फळ्यांचं. वर पत्रा आहे, पण पश्चिमेची बाजू उघडी, पावसाची झड थेट आत येते. जमीन काळी, उधईचं माहेरघर. सासरे म्हणतात, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडा, आजवर तेच केलं. पण शेळी दिसेल ते चाटते, आणि तिचं दूध घरात पोरं पितात. जळगावला एका दुकानात हिरवट रंगाचे, औषध पाजलेले खांब दाखवले. त्यात काय आहे विचारलं, तर "कंपनीचं आहे ताई", विषय संपला. मग लावू काय?

बापू मिस्तरी, फैजपूर
ताई, जळकं ऑइल गोठ्यात नकोच. इंजिन झिजून सुटलेले धातू अन् काजळी त्यात असते, अन् एवढं करून ते लाकडात मुरतही नाही. मे महिन्यात लाकूड तडकलं की उधईला दार उघडं.

खांबांना टाकणखार आणि बोरिक पावडर. 100 लिटर कोमट पाण्यात 3 किलो टाकणखार, 2 किलो बोरिक. निंब ओला असेल तर चांगलंच, ओलाव्यासोबत औषध आतपर्यंत जातं. बुडवून काढले की थप्पी लावून ताडपत्रीखाली तीन-चार आठवडे झाकून ठेवा. त्या पाण्याला शेळ्यांनी तोंड लावता कामा नये, हेही विषच आहे, फक्त सौम्य. आणि पावसात ते धुपतं, म्हणून छपराखालीच कामाचं. जमिनीत गाडलेल्या बुडाला त्याचा उपयोग नाही.

गव्हाणीला काहीच लावू नका. सागाचा गाभा स्वतःच टिकतो. फळीच्या कडेचा पांढरा भाग तेवढा रंध्यानं काढून टाका, उधई तिथंच लागते.

चोपडेकर
हिरव्या खांबांबद्दल सांगतो. जुनं औषध तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं. ते 1933 मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी शोधलं, म्हणजे माल आपलाच. लाकूड टिकवतं जबरदस्त, पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत 2003 संपताना घरगुती वापराचं लाकूड त्यात पाजणं थांबवलं. आर्सेनिकऐवजी बोरॉन घातलेलंही मिळतं, पण त्यात क्रोमियम राहतंच. तांबं आणि अमोनियम क्षाराचं नवं औषध या दोन्हींशिवाय असतं. तांब्यामुळे सगळेच हिरवे दिसतात, रंगावरून ओळख पटत नाही. डब्यावरचं नाव वाचून दाखवत नसेल तर तो माल गोठ्यात आणू नका. आर्सेनिकवाल्या लाकडाचा भुसा शेळ्यांखाली टाकायचा नाही आणि तुकडे चुलीत घालायचे नाहीत, राखेत आर्सेनिक उरतं.

नव्या औषधाचं लाकूड घेतलंत तर साधे खिळे चालत नाहीत, तांबं लोखंड खातं. जाड जस्त चढवलेले किंवा स्टेनलेसचे वापरा.

शेळीवाली, यावल
निंब दिवाळीत तोडलाय, वाळून खडखडीत झाला. आता बुडवून फायदा आहे का? आणि खांब जमिनीत गाडायचेच नाहीत, तर उभे कसे राहतील भो?

बापू मिस्तरी, फैजपूर
वाळलेल्यात कमी मुरतं. जास्त दिवस बुडवा, कापलेल्या टोकांना आणि भोकांना ब्रशनं पुन्हा द्या.

उभं करायला सिमेंटचा गट्टू ओता, वर लोखंडी पट्टीचा बूट, खांब जमिनीच्या वीतभर वर. पट्टीत पाणी साचणार नाही असं बघा, नाहीतर बूड तिथंच कुजतं. आडव्या दांड्या मारल्या की हलत नाही. पश्चिमेच्या चार खांबांना मात्र लाकूड नकोच, द्राक्षबागेतले जुने सिमेंटचे पोल मिळतात ते लावा. मी माझ्या गोठ्याला तेच केलंय, दिसायला बेकार, पण शेळीला काय त्याचं.

चोपडेकर
फाटकाला जवसाचं तेल चालेल, पण उधई त्यानं थांबत नाही, फक्त पाणी जरा कमी शिरतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कडब्याजवळ ठेवू नका ताई, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

शेळीवाली, यावल
सासऱ्यांना वाचून दाखवलं. ऑइल नको हे पटलं, सिमेंटच्या पोलांवर अडलेत. बाजारच्या दिवशी टाकणखार आणते, तोवर पोलांचा भाव कोणी सांगेल का?