नववा प्रश्न त्याच दिवशी वाचा

वर एकांनी लिहिलंय की मुलं असल्या फॉर्मवर काहीही टिक करतात, म्हणून नैराश्याच्या प्रश्नावल्या कॉलेजात वाटूच नयेत. मला हे पटत नाही. मी वाशीला शिकवते. एका बाकावर तिघं, शेजारच्याची नजर कागदावर आणि फॉर्म गोळा करायला वर्गशिक्षक! अशात 'मेलेलं बरं असं वाटतं का' यासमोर खरं कोण लिहील? नाव काढून टाकणं हाही उपाय नाही, मग गरज असलेल्या मुलाला शोधणार कसं? नाव राहू द्या, पण फॉर्म बंद पाकिटात थेट समुपदेशकाकडे जाऊ दे.

पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर नीट तपासणी हवी, एवढंच. ते निदान नव्हे. झोप, थकवा, भूक, एकाग्रता यांचे गुण तर परीक्षेच्या तोंडावर तसेही वाढतात, त्यातून पनवेलहून गर्दीच्या लोकलने येणारी पोरं. तेव्हा ते दिवस टाळा.

माझा जीव अडकतो तो नवव्या प्रश्नात, स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या. बेरीज ६ असली तरी तिथे १ दिसला, की त्याच दिवशी कोणीतरी त्या मुलाशी एकांतात बोललंच पाहिजे. फॉर्म एक्सेलमध्ये चढवायलाच आठवडा लागणार असेल, तर आधी माणसं नेमा, मग वाटा. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फॉर्मखाली ठळक छापा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो.